दिवसभर ट्रोलिंग करूनही ट्राउट लागत नाही? आधी खोली आणि वेग तपासा

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात ट्रोलिंगसाठी, म्हणजे चालत्या बोटीमागे ल्यूर (खोटं आमिष) ओढत मासे पकडण्यासाठी, नव्याने बोट घेतलेल्या कुणाशीही जून-जुलैत बोललात तर गाऱ्हाणं ठरलेलं असतं. एप्रिलमध्ये लेक बेरीएसावर भल्या सकाळी शंभर फूट लाइन सोडून नारंगी स्पून, म्हणजे पत्र्याचा चमच्यासारखा ल्यूर, ओढला आणि रेनबो ट्राउट लागले. आता तीच बोट, तीच जागा, तोच स्पून, आणि रॉडचं टोक दिवसभर हलत नाही. मग डब्यातले सगळे रंग आलटून पालटून होतात, दुकानातून नवे ल्यूर येतात, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हात हलवत परत.

रंगाकडे इतक्या लवकर वळू नका. ल्यूर माशाच्या खोलीवर आहे का, आणि तिथे तो योग्य वेगाने चालतोय का, या दोन गोष्टींची खात्री होत नाही तोवर रंग बदलून काहीच कळत नाही. रंग चुकला होता की ल्यूर तीस फूट वरून जात होता, हे सांगणार कोण? मोठ्या तलावावर मासा लागत नाही तेव्हा बहुतेक वेळा या दोनपैकी एक गोष्ट बिघडलेली असते, असं मी ठामपणे सांगतो. म्हणून शोधाचा क्रम हाच ठेवा: आधी खोली, मग वेग, मग बाकीचं सगळं.

मासा गेला कुठे?

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. रेनबोला साधारण 50 ते 60 अंश फॅरनहाइट, म्हणजे 10 ते 15 अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. एप्रिलमध्ये तलावाचं वरचं पाणी तेवढंच असतं, म्हणून वजन न लावता सोडलेला स्पूनही चालतो. जुलैत बेरीएसाच्या पृष्ठभागाचं पाणी 75 अंश फॅरनहाइटच्या वर जातं. गरम पाणी हलकं असतं. ते वरच राहतं आणि खालच्या थंड, जड पाण्यात मिसळत नाही. दोन्हींच्या मधे एक अरुंद पट्टा तयार होतो, तो थर्मोक्लाइन. तिथे काही फुटांतच तापमान झपकन उतरतं. ट्राउट या पट्ट्यात किंवा त्याच्या जरा खाली येऊन राहतो. तो तलाव सोडून गेलेला नाही, तुमच्या ल्यूरच्या खाली आहे.

हा पट्टा तलावागणिक वेगळा असतो आणि आठवड्यागणिक सरकतो. त्यामुळे मागच्या वर्षी कुणी सांगितलेला आकडा धरून चालू नका, मोजा. सोनारची, म्हणजे पाण्याखालचे मासे आणि तळ दाखवणाऱ्या यंत्राची, संवेदनशीलता थोडी थोडी वाढवत न्या. तळाच्या बऱ्याच वर एक धूसर आडवा पट्टा दिसू लागतो. स्क्रीनवर माशांच्या खुणाही बहुतेक त्याच्याच आसपास असतात. सोनार नसेल तर तंगुसाला वजन आणि थर्मामीटर बांधून दहा-दहा फुटांवर सोडा, प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबा आणि झरझर वर ओढून वाचा. कष्टाचं काम आहे, पण पूर्ण दिवस वाया जाण्यापेक्षा बरं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वरचं पाणी थंड होऊन खालच्यात मिसळायला लागतं आणि मासा पुन्हा वर येतो. तेव्हा उन्हाळ्यातला आकडा विसरायचा.

कॅलिफोर्निया-नेव्हाडा सीमेवरच्या लेक टाहोचं गणित निराळं. समुद्रसपाटीपासून 6,225 फुटांवरचा, 22 मैल लांब आणि 1,645 फूट खोल असा हा तलाव. इथला मोठा मासा म्हणजे मॅकिनॉ, म्हणजेच लेक ट्राउट. तो मूळचा इथला नव्हे. ग्रेट लेक्सकडचा हा मासा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे आणून सोडला गेला. मूळचा लाहोंटन कटथ्रोट ट्राउट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथून नाहीसा झाला, आणि आता तो पुन्हा सोडला जातो. 1960च्या दशकात माशांना खाद्य म्हणून मायसिस नावाची बारीक कोळंबी तलावात सोडली. ही कोळंबी दिवसा खोल अंधारात जाते आणि रात्री वर येते. मॅकिनॉलाही थंड पाणी हवं आणि खाद्य तळाशी, म्हणून उन्हं चढली की तोही तळाला चिकटतो. टाहोवर मॅकिनॉसाठी फिरताना ल्यूर तळापासून काही फुटांवर हवा. वीस फूट वर असेल तर बहुतेक मासे त्याच्यासाठी उठत नाहीत.

बाकी ट्राउटचं उलट आहे. त्याला वरचं चांगलं दिसतं आणि तो खालून वर झेप घेतो. सोनारवर 45 फुटांवर मासे दिसले तर ल्यूर 40 वर चालवा. 50 वर चालवलात तर तो त्यांच्या पोटाखालून निघून जाईल.

ल्यूर खरंच त्या खोलीवर आहे का?

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. डाउनरिगर म्हणजे केबलला जड गोळा बांधून लाइन खोलवर नेणारं यंत्र; लाइन गोळ्याजवळच्या क्लिपमध्ये अडकवतात आणि मासा लागला की ती सुटते. डाउनरिगरच्या मीटरवर 100 दिसतंय म्हणजे गोळा 100 फुटांवर आहे, असं आपण धरून चालतो. मीटर मोजतो ती सोडलेली केबल. बोट चालू असते, पाणी गोळ्याला आणि केबलला मागे ढकलतं, आणि केबल तिरकी होते.

पुढच्या वेळी केबल पाण्यात शिरते तिथे नीट बघा. मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या, त्याच्या मध्याला दोरा आणि दोऱ्याला एक नट बांधा, म्हणजे ओळंबा तयार. तो केबलजवळ धरून उभ्या रेषेपासून केबल किती अंश मागे गेली ते वाचा. 20 अंशांवर 100 फूट केबलचा गोळा 94 फुटांवर असतो. 30 अंशांवर 87. 45 अंशांवर फक्त 71. पाण्याखाली केबलला थोडा बाकही येतो, त्यामुळे हे आकडे अंदाजाचे आहेत, पण काम भागतं. 30 अंश तिरकी असेल आणि गोळा खरोखर 100 फुटांवर हवा असेल, तर सुमारे 115 फूट केबल सोडावी लागते.

याच तिरकेपणामुळे आणखी एक गोंधळ होतो. "सोनारवर माझा गोळा दिसतच नाही, ट्रान्सड्यूसर बिघडला असेल," असं बरेच जण म्हणतात. नेहमीच्या 200 किलोहर्ट्झच्या ट्रान्सड्यूसरचा, म्हणजे सोनारच्या लहरी सोडणाऱ्या भागाचा, शंकू साधारण 20 अंशांचा असतो, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना 10-10 अंश. केबल 30 अंश मागे गेली की गोळा त्या शंकूच्या बाहेर पडतो. यंत्र ठीक असतं. गोळा नीट खाली असताना मात्र स्क्रीनवर त्याची सलग आडवी रेघ उमटते. ही रेघ आणि माशांच्या खुणा एकाच पडद्यावर दिसणं, याहून चांगली खात्री नाही.

तिरकेपणा कमी करायला गोळा जड करा. उथळ पाण्याला 6-8 पौंडांचा गोळा पुरतो, शंभर फुटांच्या पुढे 12 पौंड किंवा त्याहून जास्त लागतो. स्टीलच्या केबलऐवजी बारीक विणलेली लाइन (ब्रेड) लावली तर पाण्याचा विरोध कमी होतो. मीटरचीही एकदा परीक्षा घ्या. सपाट तळावर बोट थांबवून गोळा तळाला टेकेपर्यंत सोडा आणि सोनारच्या खोलीशी आकडा ताडून बघा. शून्य करताना गोळा पाण्याच्या पातळीवर हवा. डाउनरिगरच्या दांडीजवळ शून्य केलंत तर तिथपासून पाण्यापर्यंतचे काही फूट दर वेळी चुकीचे मोजले जातात.

डाउनरिगर नसला तरी काम अडत नाही. लेड कोर, म्हणजे आत शिशाची तार असलेल्या, लाइनला दर 10 यार्डांवर रंग बदलतो, त्यामुळे किती सोडली ते मोजणं सोपं जातं. ताशी 2 मैलांच्या आसपास एक रंग अंदाजे 5 फूट खाली जातो. 40 फुटांवर जायचं तर आठेक रंग सोडायचे. बोट हळू केली की लाइन अधिक बुडते आणि वेग वाढवला की वर येते, हे पक्कं लक्षात ठेवा. नाहीतर वळण घेताना ती तळाला जाऊन अडकते. काहीच नसेल तर साधी लाइन आणि हलका स्पून. तो शंभर फूट मागे सोडला तरी जेमतेम काही फूट खाली असतो. अशी लाइन एप्रिलमध्ये किंवा पहाटे, मासा वर असताना सोडावी, जुलैच्या दुपारी नाही.

क्लिपपासून ल्यूर किती मागे ठेवायचा, हाही प्रश्न येतो. उथळ आणि स्वच्छ पाण्यात जास्त अंतर, खोलात कमी. टाहोच्या काठाने रुबिकॉन पॉइंटसारख्या खडकाळ उतारापाशी पहाटे वरच्यावर ओढताना दीडशे फूट किंवा त्याहूनही जास्त मागे ठेवतात, कारण त्या नितळ पाण्यात बोटीची चाहूल लांबवर जाते. शंभर फूट खोलीवर 20-30 फूट पुरतात, आणि वळताना लाइनी एकमेकींत अडकत नाहीत.

वेग

मालवण, वेंगुर्ला, गोव्याकडे सुरमईसाठी ट्रोलिंग केलेली माणसं इथे आली की वेगात हमखास चुकतात. समुद्रात सुरमईमागे जो वेग ठेवतात तो ट्राउटसाठी दुप्पट-तिप्पट होतो. रेनबोसाठी ताशी 1.5 ते 2.5 मैल. गांडूळ लावून त्याच्या पुढे चमकत्या पत्र्यांची मोठी माळ ओढत असाल तर त्याहून हळू, एकच्या आसपास. प्रत्येक ल्यूरचा आपला वेग असतो. पाकिटावर लिहिलेला असतो, पण खरा डोळ्यांनी बघायचा.

पाण्यात सोडण्याआधी हे करा. बोट ट्रोलिंगच्या वेगाला आणा, लाइन हातभर धरा आणि ल्यूर बोटीच्या कडेला पाण्यात ओढून बघा. स्पून डावी-उजवीकडे डोलायला हवा, मधेच एखादा झटका घेऊन. सतत गरगर फिरत असेल तर वेग जास्त आहे. वाळक्या पानासारखा नुसता ओढला जात असेल तर कमी. डॉजर, म्हणजे ल्यूरच्या पुढे बांधायचा झुलणारा पत्रा, लावला असेल तर तो दोन्ही बाजूंना झुलला पाहिजे, पूर्ण गोल फिरता कामा नये. डॉजर फिरायला लागला की मागचा ल्यूर मरतो आणि लाइनही पिळते. अर्धं मिनिट नुसतं बघत राहा. वेग किंचित वाढवा, किंचित कमी करा, चाल कुठे बिघडते ते बघा. मग एका रॉडच्या ल्यूरची चाल दुसऱ्याशी जुळते का, तेही. एकाला 1.3 हवा आणि दुसऱ्याला 2.2, तर ते दोन्ही एकत्र ओढता येत नाहीत. कितीतरी जण असे न जुळणारे ल्यूर दिवसभर शेजारी शेजारी ओढत असतात.

आता एक कोडं जे वारंवार समोर येतं: उत्तरेकडे जाताना मासे लागतात, त्याच पट्ट्यातून दक्षिणेकडे येताना एकही नाही. जीपीएसवर दोन्ही वेळी 1.8. जीपीएस सांगतो तो जमिनीच्या संदर्भातला वेग. मोठ्या तलावात वाऱ्याने वरचं पाणी वाहतं, आणि खोलातला प्रवाह वेगळ्याच दिशेचा असू शकतो. शंभर फुटांवरच्या ल्यूरला पाण्यात प्रत्यक्ष मिळणारा वेग त्यामुळे एका दिशेला जास्त आणि दुसरीला कमी पडतो. इथेही केबलचा कोन बघा. मासा लागला तेव्हा केबल 20 अंशांवर होती आणि परतताना 30 वर गेली असेल, तर वेग कमी करत पुन्हा 20 वर आणा, मग जीपीएस काहीही दाखवो. ते जमत नसेल तर उत्तरेकडे मासेमारी करा, ल्यूर वर घ्या, बोट झटपट परत आणा आणि पुन्हा उत्तरेकडेच निघा.

मोठं इंजिन सर्वांत हळू फिरवूनही बोट 2.5च्या खाली येत नसेल तर ड्रिफ्ट सॉक, म्हणजे पाण्यात सोडायची कापडी पिशवी, बोटीच्या बाजूला बांधा. छोटं वेगळं इंजिन किंवा विजेवरची ट्रोलिंग मोटर असेल तर उत्तमच.

योग्य वेग शोधायला सरळ रेघेत जाऊ नका, नागमोडी जा. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा ल्यूर वेग घेतो आणि वर येतो, आतल्या बाजूचा मंदावतो आणि खाली जातो. बाहेरच्या रॉडला मासा लागला तर वेग थोडा वाढवा. आतल्याला लागला तर कमी करा, किंवा ल्यूर काही फूट खाली न्या. मासा स्वतःच काय हवंय ते सांगत असतो. कुठल्या रॉडला, वळणाच्या कुठल्या क्षणी लागला, हे लगेच लिहून ठेवा, कारण मासा वर घेण्याच्या गडबडीत तेच विसरतं.

लागतो, पण निसटतो

क्लिपला लाइन घट्ट धरलेली असते आणि मासा लहान, तर क्लिप सुटत नाही. तो मासा तुम्ही तासभर मागे ओढत नेता, आणि त्या रॉडला दुसरा लागायचा प्रश्नच उरत नाही. क्लिपची पकड सैल ठेवा आणि लाइन ताणून रॉड चांगला वाकवून ठेवा. टोक एका लयीत थरथरत असेल तर तो ल्यूर आहे, लय मोडली की हाताने क्लिप सोडवून बघा.

ट्राउटचं तोंड मऊ असतं. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, घट्ट असेल तर गळ तोंड फाडून निघतो. हाताने ओढल्यावर लाइन सुरळीत सुटेल इतका ड्रॅग सैल ठेवा. मासा लागला की बोट थांबवू नका, हळू चालू ठेवा, कारण थांबलात की लाइन सैल पडते आणि मासा सुटतो. जाळं आधी पाण्यात ठेवायचं आणि माशाला डोक्याकडून त्यात न्यायचं. शेपटीकडून जाळं घातलं की मासा बिथरून सुसाट पुढे सुटतो. तळाला घासलेल्या गळाचं टोक बोथट होतं. नखावर अलगद ओढून बघा, रुतलं नाही आणि नुसतं घसरलं तर कानस मारा किंवा गळ बदला.

लाइन पिळवटत असेल तर साध्या स्विव्हलऐवजी, म्हणजे फिरत्या कडीऐवजी, बॉल बेअरिंगचं लावा. आधीच पिळलेली असेल तर ल्यूर काढून नुसती लाइन चालत्या बोटीमागे लांबवर सोडा, काही मिनिटांत पीळ सुटतो. मग बोटांत चिमटून ताण देत गुंडाळा.

हे सगळं नीट आहे आणि तरी लागत नाही, तेव्हा रंग. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेतं, खोलात लाल ल्यूर नुसता काळपट दिसतो. तिथे हिरवा, निळा, चंदेरी जास्त लांबून दिसतात. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि तीही एकाच रॉडवर. हाताला लागलेलं पेट्रोल, सनस्क्रीन धुवून मगच ल्यूरला हात लावा. ट्राउटचं नाक तीक्ष्ण असतं.

सोडणार असाल तर

वरचं पाणी 70 अंश फॅरनहाइटच्या पुढे गेलं असेल तर "पकडून सोडून देऊ" हा बेत करू नका. थंड पाण्यातून वर आणलेला, दमलेला ट्राउट त्या गरम पाण्यात बहुतेकदा पुढे मरतो. नियमात बसतात तेवढे ठेवा आणि गरवणं थांबवा. टाहोच्या मॅकिनॉचं तसं नसतं. खोलातून वर येताना तो हवा तोंडावाटे बाहेर सोडू शकतो, मासा येण्याआधी पाण्यावर बुडबुडे दिसतात ते त्याचेच. त्याला हळूहळू वर आणा, हवा सोडायला वेळ द्या, आणि शक्यतो पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवा.

टाहोवर दुपारी वारा उठतो आणि पाणी वर्षभर थंडच असतं. तेरा वर्षांखालच्या मुलांनी चालत्या छोट्या बोटीत लाइफ जॅकेट घालणं कॅलिफोर्नियात कायद्याने बंधनकारक आहे. मोठ्यांनीही घालावं, पाण्यात पडल्यावर त्या थंडीत हातपाय फार लवकर जड होतात. तलावावर कॅलिफोर्निया किंवा नेव्हाडा, कुठल्याही एका राज्याचा परवाना चालतो. दिवसाला किती मासे, ते चालू वर्षाच्या नियमपुस्तिकेत बघा.

बोट नेण्याआधी एक फोन मात्र कराच. 2024 मध्ये कॅलिफोर्नियाच्या डेल्टात सोनेरी शिंपले ही बोटींबरोबर पसरणारी परकी प्रजाती सापडल्यापासून अनेक तलावांनी बाहेरून येणाऱ्या बोटींवर कडक अटी घातल्या आहेत, आणि टाहोवर तपासणीशिवाय बोट पाण्यात जातच नाही. बोट, ट्रेलर, इंजिन आणि मासे ठेवायची टाकी स्वच्छ, रिकामी आणि कोरडी करून न्या. तपासणीच्या जागी बोट गरम पाण्याने धुवून घ्यावी लागली, तर तोवर पहाटेची ती पहिली दोन तासांची वेळ निघून गेलेली असते. टाहोवरून निघताना बोट आणि ट्रेलर यांच्यात तारेचं सील लावून घ्या. ते न तोडता पुढच्या वेळी आणलंत तर पुन्हा तपासणीसाठी थांबावं लागत नाही.